टर्बो रोटरीचं टायमिंग: आधी खूण, मग आकडा

टर्बो लावलेल्या रोटरी इंजिनाचं टायमिंग लावायला बसणार असाल, तर पिस्टनच्या इंजिनांवर तयार झालेला कान जरा बाजूला ठेवा. पद्मिनी असो की अँबॅसॅडर, टायमिंग थोडं जास्त पुढे गेलं की चढावर इंजिन टकटकायला लागायचं, चालवणाऱ्याला ते ऐकू यायचं, मेकॅनिक डिस्ट्रिब्युटर किंचित मागे फिरवायचा आणि विषय तिथेच मिटायचा. टर्बो रोटरी अशी सूचना देईलच याची खात्री नाही. बूस्ट पूर्ण भरलेला असताना दोनचार जोरदार नॉक बसले, तरी रोटरच्या टोकावरची एपेक्स सील तुटू शकते. ही सील म्हणजे जेमतेम २ मिलिमीटर जाडीची ओतीव लोखंडाची पट्टी. तिचा तुकडा हाउसिंगच्या क्रोमवर ओरखडे काढत एक्झॉस्टमधून बाहेर पडतो आणि जाता जाता टर्बोच्या पात्यांनाही मारतो. त्यानंतर इंजिन उघडण्यावाचून इलाज नसतो.

या इंजिनात ताकद बूस्टमधून येते. ती ताकद इंजिनाला पचेल एवढं पाहणं, हे टायमिंगचं काम. एक-दोन अंश पुढे सरकवून मिळणारे चार-पाच हॉर्सपॉवर आणि त्यासाठी पणाला लागणारं इंजिन, यांचा हिशेब रोटरीत जुळत नाही. पुढचं सगळं वाचताना हा मुद्दा डोक्यात असू द्या.

मजदा हे नाव आपल्या रस्त्यांवर दिसलं ते स्वराज मजदाच्या छोट्या ट्रकवर. आरएक्स-७ भारतात कंपनीने कधी विकली नाही. इथे ज्या थोड्या आहेत त्या बाहेरून आलेल्या. पण अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आखाती देश इथल्या मराठी मंडळींपैकी ज्यांना गाड्यांचा नाद आहे, त्यांच्या डोळ्यांसमोरून ही गाडी हमखास गेलेली असते, आणि काहींच्या गॅरेजात ती उभीही असते. मजदाने रोटरीला टर्बो पहिल्यांदा लावला तो १९८२ साली, जपानमधल्या कॉस्मो गाडीत. पुढे १९८५ मध्ये दुसऱ्या पिढीची आरएक्स-७ आली, तिला सगळे एफसी म्हणतात. १९९१ मध्ये तिसरी, म्हणजे एफडी आली आणि तिचं उत्पादन २००२ पर्यंत चाललं. दोन्हींतलं टर्बो इंजिन १३बी जातीचं: दोन रोटर, प्रत्येकी ६५४ सीसी. कॉम्प्रेशन रेशो सुरुवातीच्या एफसीत ८.५, नंतरच्या एफसीत आणि एफडीत ९. हा लेख याच दोन इंजिनांपुरता आहे. कार्ब्युरेटरवाल्या जुन्या रोटरीचं आणि टर्बो नसलेल्या आरएक्स-८चं गणित वेगळं.

दोन प्लग आणि त्यांच्यातलं अंतर

रोटरीतली जळण्याची जागा गोल नसते. रोटरचा एका बाजूचा चेहरा आणि हाउसिंगची भिंत यांच्यामध्ये ती लांबट, चपटी पोकळी असते आणि आग लागत असतानाही ती पुढे सरकत असते. अशा जागेत एका टोकाला ठिणगी पाडली तर ज्वाला दुसऱ्या टोकापर्यंत वेळेत पोचत नाही. म्हणून प्रत्येक रोटरला दोन प्लग असतात. इंजिनाच्या बाजूने पाहिलं तर खालचा लीडिंग आणि वरचा ट्रेलिंग. पुढच्या रोटरचे एल१ आणि टी१, मागचे एल२ आणि टी२. पुढचा रोटर म्हणजे रेडिएटरच्या बाजूचा. (१९९१ साली ल मां शर्यत जिंकलेल्या मजदा ७८७बीच्या चार रोटरच्या इंजिनात तर प्रत्येक रोटरला तीन प्लग होते, आणि त्याला टर्बो नव्हता.)

प्लगसाठी हाउसिंगला पाडलेली भोकं पाहिलीत तर ट्रेलिंगचं भोक अगदी बारीक दिसेल. रोटरचं टोक त्या भोकावरून जातं तेव्हा दोन शेजारच्या कप्प्यांमधल्या दाबात बराच फरक असतो, आणि भोक मोठं ठेवलं तर वायू एका कप्प्यातून दुसऱ्यात निसटेल. त्यामुळे मुख्य काम लीडिंगचं. आग तोच लावतो. ट्रेलिंग मागे राहिलेलं मिश्रण जाळतो, थोडी ताकद आणि थोडं मायलेज देतो.

नेहमीच्या मांडणीत लीडिंग आधी पेटतो आणि ट्रेलिंग काही अंशांनी नंतर. या फरकाला स्प्लिट म्हणतात. अंश मोजले जातात एक्सेंट्रिक शाफ्टचे, म्हणजे रोटरीतल्या क्रँकशाफ्टचे. शाफ्टचे तीन फेरे होतात तेव्हा रोटरचा एक होतो, म्हणजे १५ अंशांच्या स्प्लिटमध्ये रोटर प्रत्यक्षात ५ अंशच फिरतो. ६००० आरपीएमला हे १५ अंश म्हणजे सेकंदाचा जेमतेम अडीच हजारावा भाग. एवढ्या वेळात इंजिनाचं भलंबुरं ठरतं.

बूस्टमध्ये स्प्लिट का हवा? लीडिंगने लावलेली आग रोटरच्या फिरण्याच्या दिशेने पसरते. कप्प्याच्या मागच्या निमुळत्या टोकात न जळलेलं मिश्रण दाबलं जात असतं आणि तापत असतं. त्याच वेळी ट्रेलिंगनेही आग लावली तर दोन्हीकडून दाब एकदम चढतो, आणि कोपऱ्यात सापडलेलं उरलंसुरलं मिश्रण आपोआप भडकायला निमित्त मिळतं. ट्रेलिंगला थोडा उशीर करू दिला तर दाब सावकाश चढतो. ताकद किंचित कमी होते, एवढंच. टर्बो नसलेल्या रेसच्या रोटरीत स्प्लिट अगदी कमी ठेवतात, शून्यही ठेवतात, आणि ते तिथे शोभतं. पंपावरच्या पेट्रोलवर १ बार बूस्ट चालवणाऱ्या गाडीत त्याची नक्कल करू नका.

खूण पडताळणं

ईसीयूच्या, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाच्या, स्क्रीनवर दिसणारा टायमिंगचा आकडा हा फक्त दावा असतो. शाफ्ट प्रत्यक्षात कुठे आहे ते ईसीयू सेन्सरवरून ताडतो, आणि सेन्सर, दातेरी चक्र, वायरिंग किंवा सेटिंग यांपैकी कुठेही चूक असली तर स्क्रीनवर १२ दिसेल आणि ठिणगी १८ ला पडेल. मॅप, म्हणजे ईसीयूतला टायमिंगचा तक्ता, कितीही काळजीपूर्वक केलेला असो, पाया ६ अंशांनी सरकलेला असेल तर तो मॅप इंजिन फोडेल. लोक या पायरीला दहा मिनिटं देतात आणि मॅपला आठवडाभर बसतात. खरं तर इथे एक अख्खी दुपार घालवली तरी चालेल.

आधी इंजिन धड आहे ना, ते पाहा. रोटरीची कॉम्प्रेशन टेस्ट साध्या गेजवर नीट होत नाही. एका रोटरच्या तीन चेहऱ्यांचे तीन आकडे वेगवेगळे दाखवणारा खास टेस्टर लागतो. तिन्ही आकडे वर्कशॉप मॅन्युअलशी ताडून बघा. एकाच रोटरच्या चेहऱ्यांमधला फरक १.५ किलो प्रति चौरस सेंटिमीटरच्या वर गेला असेल, तर टायमिंगचा विचार सोडा आणि आधी इंजिनाकडे बघा.

आता पुली. एफसीच्या पुलीवर कारखान्यातूनच दोन खुणा येतात. पिवळी खूण म्हणजे लीडिंग, टीडीसीनंतर ५ अंश. तांबडी म्हणजे ट्रेलिंग, टीडीसीनंतर २० अंश. रोटरीत टीडीसी म्हणजे कप्प्याचं आकारमान सर्वांत कमी असतं तो क्षण. आयडलिंगला ठिणगी टीडीसीनंतर पडते, हे पिस्टनवाल्यांना विचित्र वाटतं, पण या इंजिनात ते नेहमीचं आहे. ईसीयूत हेच आकडे उणे ५ आणि उणे २० असे दिसतात. समोरच्या कव्हरवर एक पिन असते, तिच्याशी या खुणा जुळवायच्या.

वर्षानुवर्षांच्या तेलामातीखाली हे रंग दिसेनासे झालेले असतात. पुली थिनरने पुसून घ्या. दोन्ही लीडिंग प्लग काढा म्हणजे इंजिन हाताने सहज फिरेल. मग पुलीच्या बोल्टला पाना लावून समोरून पाहताना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवा. पिनपाशी आधी पिवळी खूण आली पाहिजे, मागून तांबडी. उलटं झालं तर एकतर तुम्ही उलट फिरवताय, नाहीतर आधीच्या कोणीतरी खुणा आपल्या मनाने रंगवल्यात. बाजारातून आणलेली हलकी पुली बसवली असेल तर तिच्यावरच्या खुणांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. मूळ पुली शेजारी धरून ताडून घ्या.

कारखान्याच्या खुणांमध्ये टीडीसीची खूण नसते, ती आपण करून घ्यायची. पिवळ्या आणि तांबड्या खुणेत १५ अंशांचं अंतर असतं. पुलीच्या कडेवर कागदाची पट्टी धरून ते अंतर उचला आणि त्याचे तीन सारखे भाग करा. एक भाग म्हणजे ५ अंश. पुली ज्या दिशेने फिरते त्या दिशेला, पिवळ्या खुणेच्या एक भाग पुढे पांढऱ्या रंगाने रेघ ओढा. ती टीडीसी. तिच्यापुढे आणखी दोन भाग मोजून दुसरी रेघ ओढा, ती टीडीसीआधी १० अंश. पट्टीवर विश्वास नसेल तर पुलीचा घेर मोजा आणि त्याला ७२ने भागा. तेही ५ अंशच. पुलीचा व्यास १५० मिलिमीटर असेल तर ५ अंश साधारण साडेसहा मिलिमीटर भरतात. म्हणजे जाड ब्रशने ओढलेली रेघच दोन अंशांची होऊन बसेल. बारीक ब्रश घ्या.

एफसीत क्रँक अँगल सेन्सर समोरच्या कव्हरमध्ये उभा बसतो आणि तो हाताने फिरवता येतो. तो काढलेला असेल तर बसवताना पिवळी खूण पिनशी जुळवा, सेन्सरच्या गिअरवरचा ठिपका त्याच्या बॉडीवरच्या खुणेशी जुळवा आणि तसाच सरळ आत सोडा. गिअर तिरक्या दात्यांचा असल्याने बसता बसता तो थोडा फिरतो, त्याने गांगरू नका. बारीक जुळणी पुढे लाईटवर होते. एफडीत असा फिरवायचा सेन्सर नाही. तिथे पुलीच्या मागच्या दातेरी चक्रावरून स्थिर सेन्सर वाचन घेतात, आणि दुरुस्ती करायची ती ईसीयूच्या सेटिंगमध्ये.

टायमिंग लाईट साधा असलेला बरा. कोन फिरवून बघायचा डायलवाला लाईट इथे फसवतो. या गाड्यांत मूळ लीडिंग कॉइल दोन्ही रोटरच्या लीडिंग प्लगना एकाच वेळी ठिणगी देते. एका रोटरला ती कामाची असते, दुसऱ्याला वाया जाते. दोन रोटरमध्ये १८० अंशांचं अंतर असल्याने एल१च्या वायरवर लावलेला लाईट शाफ्टच्या एका फेऱ्यात दोनदा चमकतो. डायलवाल्या लाईटचं गणित त्यामुळे चुकतं आणि तो भलताच कोन दाखवतो. डायल असेलच तर तो शून्यावर ठेवा आणि त्याला हात लावू नका.

इंजिन पूर्ण गरम होऊ द्या. एसी, हेडलाइट, पंखे बंद. लाईटचा चिमटा एल१वर लावा. चिमट्यावर बाण असेल तर त्याचं तोंड प्लगकडे. मग ईसीयूत टायमिंग लॉक करा. बहुतेक नव्या ईसीयूत ही सोय असते, आणि ती न वापरता आयडलिंगवर टायमिंग बघणं हा वेळेचा अपव्यय आहे, कारण आयडल स्थिर ठेवण्यासाठी ईसीयू टायमिंग सतत मागेपुढे करत असतो. उणे ५ वर लॉक करा. पिवळी खूण पिनसमोर उभी राहिली पाहिजे. नसेल तर एफसीत सेन्सरचा नट सैल करून सेन्सर केसभर फिरवा. मूळ ईसीयूऐवजी बाहेरचा बसवलेला असेल तर ट्रिगरचा ऑफसेट बदला. इथे एक जपा: स्क्रीनवरचा लॉक केलेला आकडा बदलून खूण जुळवायची नसते. तो आकडा तसाच ठेवून ऑफसेट बदलायचा.

आयडलिंगला खूण जुळली म्हणजे काम झालं असं समजू नका. लॉक टीडीसीआधी १० अंशांवर न्या, म्हणजे मघाशी ओढलेली पांढरी रेघ कामाला येईल. आता इंजिन थोडा वेळ ३००० आरपीएमपर्यंत न्या. रेघ जागेवर थांबली पाहिजे. आरपीएम वाढेल तशी ती एका बाजूला सरकत गेली, तर सेन्सरच्या दोन तारा उलट जोडल्या गेल्या आहेत का ते आधी बघा. चुंबकीय सेन्सरची ध्रुवता उलटी झाली की ईसीयू दात्याची चुकीची कड पकडतो, आणि नेमकी हीच लक्षणं दिसतात. तारा बरोबर असतील तर ईसीयूतली सिग्नलच्या उशिराची भरपाई तपासा. ३००० ला दोन अंश सरकणारी रेघ ७००० ला किती सरकेल याचा विचार करा, आणि हा दोष काढल्याशिवाय गाडी रस्त्यावर नेऊ नका.

मग लाईट टी१वर. लॉक पुन्हा उणे ५ आणि स्प्लिट १५ ठेवला, तर तांबडी खूण पिनशी यायला हवी. त्यानंतर टी२. मागचा रोटर १८० अंशांनी मागे असल्याने त्यासाठी पुलीवर तांबड्या खुणेच्या बरोबर समोरच्या बाजूला आणखी एक रेघ ओढावी लागेल. हा कंटाळा करू नका, कारण वायरिंगची सर्वांत घातक चूक इथेच पकडली जाते. टी१ आणि टी२ अदलाबदल झाले तरी इंजिन लीडिंगच्या जिवावर चालू राहतं आणि फक्त थोडं मरगळलेलं वाटतं. पण लीडिंग आणि ट्रेलिंगच एकमेकांच्या जागी गेले, तर ट्रेलिंग आधी पेटायला लागतो. आयडलिंगला त्याचा पत्ताही लागत नाही. पूर्ण बूस्टवर लागतो.

मॅप भरताना

पाया पक्का झाला की मॅपकडे वळा. ॲपेक्सी पॉवर एफसीसारख्या ईसीयूत लीडिंग आणि ट्रेलिंगचे दोन वेगळे तक्ते असतात. काहींत लीडिंगचा तक्ता आणि स्प्लिटचा तक्ता अशी मांडणी असते. आपल्यासमोर यांपैकी कोणतं आहे ते आधी नीट पाहून घ्या. स्प्लिटच्या तक्त्यात ट्रेलिंगचा कोन भरण्याचे प्रकार घडतात.

आकड्यांविषयी बोलायचं तर हे सगळे सुरुवातीचे, सावध आकडे आहेत. मूळ किंवा थोडं बदललेलं १३बी, चांगलं हाय-ऑक्टेन पेट्रोल आणि नीट चालणारा इंटरकूलर इथे गृहीत धरलाय. हायवेवर ॲक्सिलरेटर हलका दाबलेला असताना लीडिंग टीडीसीआधी २५ ते ३० अंशांपर्यंत नेता येतं आणि स्प्लिट १०च्या खाली आणता येतो. इथे दाब कमी असतो, मिश्रण हळू जळतं आणि थोडं पुढचं टायमिंग मायलेज देतं. मॅनिफोल्डमधला दाब बाहेरच्या हवेएवढा झाला की लीडिंग साधारण २० ते २२. तिथून बूस्ट चढेल तसं उतरवत न्यायचं: ०.७ बारला १४-१५, १ बारला ११ ते १३, आणि ही सगळी उतरण्याची रेषा सलग असावी, मध्येच पायरी नसावी. बूस्टच्या सगळ्या भागात स्प्लिट १२ ते १५ ठेवून सुरुवात करा. टॉर्क सर्वांत जास्त असतो त्या आरपीएमपाशी एखादा अंश आणखी कमी. वरच्या आरपीएमला एखादा अंश जास्त चालतो.

बूस्टमध्ये हवा-इंधनाचं प्रमाण ११च्या आसपास हवं. ते जमेपर्यंत टायमिंगला हात लावू नका. पातळ मिश्रणावर कमी टायमिंगचं पांघरूण घातलं की दोष तात्पुरता झाकला जातो, एवढंच.

टायमिंग मागे ठेवणं म्हणजे नेहमीच सुरक्षित असं मात्र नाही. फार उशिरा लागलेली आग एक्झॉस्टच्या वाटेवरही जळत राहते. रोटरीचं एक्झॉस्ट मुळातच तापट. त्यात आणखी उष्णता ओतली तर टर्बो आणि मॅनिफोल्ड लाल होतात, तडे जातात. एक्झॉस्टच्या तापमानाचं गेज बसवलं असेल तर बूस्टमध्ये टायमिंग दोन अंश कमी करून बघा, काटा वर सरकताना दिसेल. भीतीपोटी सगळीकडे ५ अंश ठेवणाऱ्यांचं इंजिन टिकतं, टर्बो जातो.

एफडीचे दोन टर्बो एकामागून एक जागे होतात. मूळ गाडीत पहिला टर्बो १० पीएसआयपर्यंत जातो, साधारण ४५०० आरपीएमला दुसरा सामील होताना बूस्ट ८पर्यंत घसरतो आणि पुन्हा १०वर येतो. व्हॅक्यूमच्या नळ्या जुन्या झालेल्या गाडीत हा बदल गुळगुळीत राहत नाही, क्षणभर बूस्ट उसळतो. म्हणून ४००० ते ५२०० या पट्ट्यात नेहमीच्या बूस्टच्या वरच्या खान्यांमध्येही टायमिंग कमी करून ठेवा. तिथे आपण कधी जाणारच नाही असं समजून ते खाने कोरे किंवा आशावादी ठेवू नयेत. मोकळं एक्झॉस्ट बसवलं आणि मूळ वेस्टगेट तसाच असला, तर बूस्ट ठरवलेल्या मर्यादेच्या वर हळूहळू चढत राहतो. त्याचा इलाज वेस्टगेटमध्ये आहे, मॅपमध्ये नाही.

पेट्रोलचा आकडा कोणत्या मोजणीचा, तेही बघा. अमेरिकेतल्या पंपावर लिहिलेला ९३ हा आरओएन मोजणीत साधारण ९७-९८ होतो. कॅलिफोर्नियात बहुतेक ठिकाणी ९१च मिळतं. ऑस्ट्रेलियातला ९८ हा आरओएनचाच. मूळ गाडी जपानमधल्या हाय-ऑक्टेनवर वाढलेली, म्हणजे साधारण १०० आरओएन. दुसऱ्या देशातून मॅप मागवून जसाच्या तसा भरणाऱ्यांची इंजिनं जातात, त्यामागे बरेचदा हा फरक असतो. भारतात इंडियन ऑइलचं एक्सपी१०० डिसेंबर २०२० पासून मुंबई-पुण्यासह काही शहरांत निवडक पंपांवर मिळू लागलं. टर्बो रोटरी इथे चालवायची तर त्याच दर्जाचं पेट्रोल हवं, नेहमीच्या पेट्रोलवर बूस्टचे प्रयोग नकोत. इथेनॉल जास्त असलेल्या ई८५वर टायमिंगला बरीच मोकळीक मिळते, पण इंधन सुमारे ३० टक्के जास्त लागतं, म्हणजे पंप, इंजेक्टर आणि मॅप सगळंच नव्याने करावं लागतं. सीलच्या वंगणासाठी पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल मिसळत असाल तर प्रमाणात मिसळा; जास्तीचं तेल ऑक्टेन खाली ओढतं.

तापमानाची भरपाईही हवीच. उन्हाळ्यात सिग्नलला दहा मिनिटं उभी राहिलेली गाडी आणि थंड सकाळी निघालेली गाडी यांना एकच टायमिंग चालत नाही. आत येणारी हवा ४५-५० अंश सेल्सिअसच्या वर गेली की बूस्टमधलं टायमिंग टप्प्याटप्प्याने कमी होईल अशी व्यवस्था करा. एफडीचा मूळ सेन्सर इंजिनाच्या धातूसोबतच तापतो, त्यामुळे तो हवेचं खरं तापमान सांगत नाही. जलद प्रतिसाद देणारा सेन्सर इंटरकूलरनंतरच्या पाइपात बसवलेला बरा.

प्लगबद्दल थोडक्यात. एफडीला मूळ एनजीकेचे बीयूआर७ईक्यू लीडिंगला आणि बीयूआर९ईक्यू ट्रेलिंगला येतात. एनजीकेत आकडा जितका मोठा तितका प्लग थंड. बूस्ट वाढवला असेल तर चारही ठिकाणी ९ नंबर लावा. तापलेला प्लग ठिणगीच्या आधीच आग लावतो आणि त्यावर कुठल्याच मॅपचा अंमल चालत नाही. बूस्टमध्ये गाडी मिस मारत असेल तर कॉइल, वायर, ड्वेल यांकडे वळा. तो टायमिंगचा दोष क्वचितच असतो.

डायनोवर

पहिला रन वेस्टगेटच्या स्प्रिंगवर, म्हणजे सर्वांत कमी बूस्टवर घ्या. बूस्ट कंट्रोलर बंद. लॉगमध्ये बूस्ट, हवा-इंधन प्रमाण, हवेचं तापमान, दोन्ही टायमिंग आणि नॉकचं वाचन एवढं हवंच. सगळं शांत असेल तर बूस्ट थोडा वाढवा आणि पुन्हा लॉग वाचा. ठरलेल्या बूस्टपर्यंत पोचल्यावर लीडिंग एका अंशाने पुढे नेऊन पाहता येईल. टॉर्कची रेषा स्पष्ट वर आली नाही तर तो अंश परत घ्या, आणि वर आणखी एक अंश सोडून द्या. रोटरीत टायमिंगला टॉर्ककडून मिळणारी दाद शिखराजवळ सपाट असते. दोन अंश मागे राहिल्याने जे जातं ते चालवताना जाणवतही नाही.

नॉक ऐकण्याची व्यवस्था डायनोवर तरी करा. एफसीच्या टर्बो इंजिनाला आणि एफडीला नॉक सेन्सर असतो, आणि पॉवर एफसीच्या हातातल्या कंट्रोलरवर त्याचा आकडा दिसतो. पण इंजिनाचा स्वतःचा गोंगाटही त्यात मिसळतो, म्हणून एका आकड्याने घाबरू नका आणि एका आकड्याने निर्धास्तही होऊ नका. प्रत्येक आरपीएमला तुमच्या इंजिनाचं नेहमीचं वाचन काय, हे आधी कमी बूस्टवर नोंदवा. नंतर त्याच्या वर अचानक उसळलेला आकडा खरा मानून पाय काढा. हाउसिंगच्या बोल्टला तांब्याची नळी जोडून दुसऱ्या टोकाला कानावरचे इअरमफ लावण्याची जुनी युक्ती अजूनही उत्तम काम करते. रोटरीच्या एक्झॉस्टच्या आवाजात उघड्या कानाला नॉक सहसा ऐकू येत नाही.

मोकळ्या रस्त्यावर पूर्ण बूस्टचं ट्यूनिंग करू नका. ते बेकायदा आहेच. शिवाय एकट्याने स्क्रीन आणि रस्ता दोन्हीकडे बघता येत नाही.

सगळं झालं की पुलीवरच्या खुणांचा फोटो काढा. ट्रिगरचा ऑफसेट, वापरलेलं पेट्रोल, प्लगचा नंबर, डायनोच्या दिवशीचं हवेचं तापमान हे एका कागदावर लिहून गाडीच्या कप्प्यात ठेवा. पुढे कधीही ईसीयू, पुली, सेन्सर किंवा इंजिनाचं समोरचं कव्हर यांपैकी काही बदललं, तर मॅपला हात लावण्याआधी लाईट पुन्हा एल१वर लावा.